घरगुती आभारप्रदर्शन

आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात आभारप्रदर्शन माझ्याकडे असतं. कार्यक्रमपत्रिकेतली ही शेवटची ओळ. तिची चाहूल लागली की निम्मी सभा चपला शोधायला उठते आणि उरलेली अल्पोपाहाराच्या टेबलाकडे तोंड करून बसते. तरीही मंडपवाले, ध्वनिक्षेपकवाले, देणगीदार आणि ‘ज्ञात-अज्ञात हात’ यांतलं कोणी माझ्या तोंडून कधी सुटलेलं नाही. त्यामुळे लेकीने कृतज्ञतेची वही हातात ठेवली आणि रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहायला सांगितल्या, तेव्हा वाटलं, हा तर आपला प्रांत.

पहिल्या रात्री लिहिलं: लिफ्ट बंद पडली नाही. पाणी गेलं नाही. तळमजल्यावरचे काका भेटले नाहीत.

लेक फोनवर म्हणाली, “बाबा, हे सगळं ‘नाही’च आहे. काय चांगलं झालं ते लिहा ना.”

इथे पंचाईत झाली. जे नीट होतं त्याची दखल घ्यायची आपल्याकडे पद्धत नाही. आमटीत मीठ कमी पडलं तर बोलायचं. बरोबर असलं तर जेवायचं. तरी नेटाने लिहिलं, ‘सकाळचे पोहे बरे झाले होते.’ वही टेबलावरच राहिली.

“बरे?” हिने चष्मा वर सरकवून विचारलं. “म्हणजे परवाचे वाईट होते?”

दुसऱ्या दिवशी ‘पोहे अप्रतिम, लिंबू अगदी बेताचं’ असं लिहिलं. ते वाचून ही आधी गप्प बसली, मग म्हणाली, “काय हवंय तुम्हाला?”

या उद्योगामागे शास्त्र आहे म्हणतात. अमेरिकेत रॉबर्ट एमन्स आणि त्यांच्या सहकाऱ्याने 2003 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या पहिल्या प्रयोगात विद्यार्थ्यांचे तीन गट होते. एकाने दर आठवड्याला ऋण वाटावं अशा गोष्टी लिहायच्या, दुसऱ्याने कटकटी, तिसऱ्याने नुसत्या घडामोडी. दहा आठवड्यांनी पहिला गट आयुष्याबद्दल जास्त समाधानी निघाला. निघेना का. आमच्या सोसायटीतली माणसं घेतली असती तर दुसऱ्या गटात जायला रांग लागली असती, आणि पार्किंगवर चार पानं लिहून सगळे टवटवीत होऊन बाहेर पडले असते.

मला खरा आधार दिला तो सोन्या ल्युबोमिर्स्की या बाईंनी. त्यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला. तीनदा लिहिणाऱ्यांना नाही. रोजचं झालं की त्याचा रतीब होतो, हे आपल्या शेतकऱ्याला कधीचं ठाऊक आहे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तो बैलाचे खांदे हळद-तुपाने मळतो, दुसऱ्या दिवशी जेवायचं आवतण देतो, शिंगं रंगवतो, झूल घालतो, पुरणपोळी भरवतो. एक दिवस, पण अगदी खांद्यापासून. जू जिथे घासतं नेमकी तीच जागा तो मळतो. आमच्या आभारप्रदर्शनात इतकं नेमकं कधी कोणी बोललेलं नाही, मीसुद्धा नाही.

तेव्हा ज्यांना ही वही सुरू करायची असेल त्यांनी खुशाल करावी. फक्त आठवड्याचा एकच वार धरा, मोघम लिहू नका, आणि वही कुलपात ठेवा.