विषय : परत राहायला येण्याचा विचार करण्याबाबत

प्रति,
सोलापूर शहर,
मु. पो. सोलापूर.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, दोहा (कतार) येथे पोटापाण्यानिमित्त राहणारे आम्ही काही सोलापूरकर आपल्याकडे कायमचे परत यावे की कसे, याचा गांभीर्याने विचार करीत आहोत. बातमी ऐकून आपल्याला आनंद झाला असेल, असे गृहीत धरतो. मात्र लगेच यात्रेतले नंदीध्वज बाहेर काढू नयेत. निर्णय झालेला नाही. विचारच चालू आहे, आणि तोही फक्त शुक्रवारी, जेवणानंतर.

आमची तपासणीची पद्धत आधी समजून घ्यावी. आम्ही इथे आलो तेव्हा आमच्या पदव्यांवर मुंबईपासून दिल्लीपर्यंत शिक्के बसले. छातीचा फोटो काढला, रक्त घेतलं, दहा बोटांचे ठसे घेतले. एवढं सगळं निर्दोष निघाल्यावर मग हातात वास्तव्याचं कार्ड पडलं. ज्यांनी एवढी छाननी सोसली त्यांनी आयुष्यात एकदा तरी दुसऱ्या कुणाची छाननी करावी की नाही? मुंबई आमच्याकडे ढुंकून बघत नाही, पुण्यात आमचे फ्लॅट आधीच अडकलेत. उरलात आपण.

तर पहिला रकाना : व्यवसाय. आपल्या अर्जात 'कापड' असं लिहिलेलं आढळतं. पुढे कंसात 'पूर्वी' लिहायचं राहून गेलं असावं. जुनी मिल सुरू झाली १८७७ मध्ये, म्हणजे आपला अनुभव दांडगा आहे हे मान्य. पण १९४९च्या ऑगस्टमध्ये ती मालकांनी बंद केली. कारभाराचा असा काही विचका झाला होता की सरकारने १९५०च्या जानेवारीत वटहुकूम काढून ती ताब्यात घेतली आणि पाठोपाठ या एका गिरणीसाठी संसदेने स्वतंत्र कायदा केला. एक भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेला, हरला, आणि कोऱ्या करकरीत राज्यघटनेतल्या समानतेच्या कलमाचा कस पाहणाऱ्या सुरुवातीच्या खटल्यांत आपलं नाव कायमचं नोंदलं गेलं. वकिलीच्या वर्गात आजही पोरं 'शोलापूर मिल केस' घोकतात. आमच्या माहितीतलं दुसरं कुठलंही शहर स्वतःच्या दिवाळखोरीमुळे घटनेच्या अभ्यासक्रमात गेलेलं नाही. याचे गुण आम्ही दिले आहेत.

पुढचं आपल्याला ठाऊक आहे. जुनी मिल गेली, नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णू गेली, बाकीच्या एकेक करत गेल्या. भोंगा बंद झाला तसं शहराचं घड्याळही ढिलं पडलं, असं आमच्यातले थोरले सांगतात. माल यंत्रमागांवर आला, गल्लीबोळांत खडखडाट सुरू राहिला, पण कायम नोकरी, बोनस, प्रॉव्हिडंट फंड ही भाषा ओसरली. पोरं शिकली आणि हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला गेली. इंग्रजांनी मार्शल लॉ लावलेल्या आपल्या शहरातल्या ज्या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं, त्या मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांच्या स्मरणार्थ ही गाडी. शहरासाठी जीव देणाऱ्यांच्या नावाने शहर सोडायची सोय करावी, ही कल्पना ज्या कुणा साहेबाला सुचली त्याचा सत्कार व्हायला हवा. आम्हीही त्याच गाडीने निघालो होतो. डबे स्वच्छ होते.

दुसरा रकाना : ओळखपत्र. इथे जरा अडचण आहे. आमच्यातल्या प्रत्येकाच्या बॅगेतून एक सोलापुरी चादर दोह्याला आलेली आहे. बाहेर पंचेचाळीस अंश आणि आत एसी अठरावर, अशा देशात तिच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही. गेल्या हिवाळ्यात एकाने नवी आणली, घट्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर 'सोलापुरी' असं ठसठशीत छापलेलं. आमच्यात एक गृहस्थ आहेत, त्यांचे वडील आपल्या पूर्व भागात मागावर होते. त्यांनी चादर मांडीवर घेतली, एक कोपरा उलटा केला. अस्सल चादरीच्या मागच्या बाजूला तीच मयूरपंखी नक्षी उलट्या रंगात उमटते, गर्द तिथे फिकं आणि फिकं तिथे गर्द. मग दोन बोटांत कापड धरून अंगठ्याने विणीवर दाब दिला. सूत सरकलं. "पानिपत," ते म्हणाले, आणि चहा घेतला. भौगोलिक मानांकन आपल्याकडे आहे, माल हरियाणातून येतो. इतिहासात पानिपतावर हरलो ते ठीक, अंथरुणातही तेच? कृपया खुलासा करावा.

तिसरा : पाणी. आम्ही राहतो त्या देशात एकही नदी नाही. समुद्राचं खारं पाणी गोडं करून नळाला येतं, चोवीस तास. आपल्याकडे शंभरेक किलोमीटरवर उजनी धरण आहे, भरलं की ११७ टीएमसी पाणी, आणि नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. आखातात आम्ही बरेच चमत्कार पाहिले, पण भरलेल्या धरणाखाली एवढा शिस्तीत कोरडा राहिलेला नळ कुठे पाहिला नाही.

विमानतळाचं आम्ही काढणार नव्हतो. पण आपल्याकडचे नातेवाईक प्रत्येक फोनवर काढतात, म्हणून. होटगी रोडवरच्या विमानांच्या वाटेत साखर कारखान्याची चिमणी उभी होती. वर्षानुवर्षं वाद, मोर्चे, कोर्ट, आणि शेवटी १५ जून २०२३ रोजी ती पाडली. गिरण्यांच्या चिमण्यांतून धूर निघेना म्हणून ज्या गावाने आयुष्यभर उसासे टाकले, त्या गावात धूर निघणाऱ्या चिमणीचं पाडकाम बघायला गर्दी जमली. पुढे २०२५च्या जूनमध्ये विमान सुरू झालं, गोव्याला. आपल्या प्राधान्यक्रमाबद्दल आमची तक्रार नाही.

आता आपण म्हणाल की, एवढं सगळं आहे तर तुमचं दोहाच बरं. इथल्या प्रत्येक जेवणावळीत हे वाक्य उलट्या बाजूने येतंच : "दोहा बघा कुठल्या कुठे गेलं, आणि आपलं सोलापूर." हे ऐकून वैताग येतो, कारण म्हणणाऱ्याने दोहा फक्त खिडकीतून पाहिलेलं असतं. दोहाही आपल्यासारखंच धंदा बुडालेलं गाव होतं, याचा पुरावा सोबत जोडत आहोत.

इथला धंदा होता मोत्यांचा. उन्हाळाभर माणसं पायाला दगड बांधून, नाकाला चिमटा लावून समुद्राच्या तळाशी जायची. हंगामाआधी नाखवा उचल द्यायचा आणि हंगाम संपला तरी ती फिटायची नाही, बापाची उचल पोराच्या मानेवर यायची. उचल म्हणजे काय ते आपल्याला वेगळं सांगायला नको. मोती जायचे मुंबईला, तिथे भाव ठरायचा. मग जपानमध्ये मिकिमोतोने शिंपल्यात मोती पिकवायचं तंत्र आणलं, त्यावर १९२९ची मंदी आली, आणि बाजार बसला. होड्या किनाऱ्यावर वाळत पडल्या. घरंच्या घरं उठून दुसऱ्या किनाऱ्यांना गेली. १९४०च्या सुमारास दुखानला तेल लागलं, पण महायुद्धाने ते काम थांबलं आणि उपासमार आणखी लांबली. तेलाचं पहिलं जहाज निघालं ते ३१ डिसेंबर १९४९ रोजी.

हो, तेच १९४९. इकडे आपली जुनी मिल बंद पडली आणि चार महिन्यांनी तिकडे तेलाचं जहाज सुटलं. तेव्हा या गावात आपलाच रुपया चालायचा, आणि तो १९६६ पर्यंत चालला. दोह्याने मेहनत कमी घेतली असं नाही, पण त्याच्या वाळूखाली तेल होतं आणि आपल्या काळ्या मातीखाली मुरूम. ज्वारी चांगली येते. एवढाच फरक, आणि त्याचे गुण कापायला आम्ही काही एवढे निर्दय नाही.

तेल लागलं नसतं तर काय, हेही आम्ही जाऊन बघून आलो. दोह्याहून शंभरेक किलोमीटरवर, वायव्य किनाऱ्यावर अल झुबारा आहे. अठराव्या शतकात कुवेतकडून आलेल्या व्यापाऱ्यांनी वसवलेलं, मोत्यांवर गबर झालेलं तटबंदीचं शहर. १८११ मध्ये हल्ल्यात जळालं, पुन्हा थोडंफार उभं राहिलं आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पार ओस पडलं. २०१३ मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं. १९३८चा एक किल्ला सोडला तर गुडघाभर भिंती, वाळू आणि वारा. आमचं लक्ष गेलं ते एका खोलीकडे. जमिनीवर गिलाव्याचे समांतर उंचवटे, मधे बोटभर चर, सगळे चर एका कोपऱ्याकडे उतरते, आणि कोपऱ्यात जमिनीत पुरलेल्या रांजणाची जागा. यावर खजुराची पोती एकावर एक रचायची, वजनाने रस गळायचा आणि चरांतून रांजणात जायचा. खजुराची काकवीच म्हणा. पिण्याचं पाणी गावात नव्हतं, दीडेक किलोमीटर आतल्या विहिरींवरून आणायचं. हे ऐकल्यावर आमच्यातल्या सौ. मंडळींनी एकमेकींकडे पाहिलं आणि कुणीतरी "रोज की चार दिवसांआड?" असं विचारलं. किल्ल्याच्या सावलीत बसून आम्ही कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. शहर खरोखर मेलं की कसं दिसतं ते तिथे कळतं. तिथे पार्किंगचा प्रश्न नाही, अतिक्रमण नाही, भाववाढ नाही. आपल्याकडे हे तिन्ही प्रश्न भरपूर आहेत, सबब आपण जिवंत आहात, असा शेरा आम्ही मारला आहे.

जिवंत आहात तर मग थोडं नटायला काय हरकत आहे, हे मात्र विचारायला हवं. इथे सूक वाकिफ नावाचा बाजार या शतकाच्या सुरुवातीला सिमेंट-पत्रे काढून मुद्दाम जुना दिसेल असा पुन्हा बांधला. आता तर समुद्राकाठच्या पिठाच्या गिरणीचं कलासंग्रहालय होतंय. धान्याच्या कोठारांचे उंच नळकांडे ठेवणार, चिलीहून आलेहांद्रो आरावेना हा वास्तुकार आणलाय आणि २०३० पर्यंत उघडायचा बेत आहे. पिठाची गिरणी, साहेब! आपल्याकडे संबंध शहराला कपडे घालणाऱ्या गिरण्या होत्या, आणि त्यांच्या जागेचं काय करावं म्हटलं की प्लॉट पाडण्यापलीकडे कुणाची झेप जात नाही. उरल्यासुरल्या चिमण्यांना निदान एखादी पाटी तरी लावा. स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आपलं नाव होतं म्हणतात.

एक तक्रार मात्र गंभीर आहे. आमचा विचार चालू असताना आपण परस्पर माणसं वसवलीत. कुंभारीला रे नगर म्हणून विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरा वेचणारे यांच्यासाठी तीस हजार घरांची वसाहत. त्यातली पंधरा हजार घरं १९ जानेवारी २०२४ रोजी खुद्द पंतप्रधानांच्या हस्ते दिली. माजी आमदार नरसय्या आडम वर्षानुवर्षं त्याच्यामागे लागले होते. या लोकांनी सोलापुरात राहावं की नाही यावर एकही शुक्रवार घालवला नाही. पाणी किती दिवसांनी येतं, विमान कुठे जातं, रात्री आठनंतर काय करायचं, काही विचारलं नाही. घर मागितलं, मोर्चे काढले आणि घेतलं. ही पद्धत आम्हाला पसंत नाही. यामुळे अटी घालणाऱ्यांची किंमत कमी होते.

आता आमच्या बाजूची कागदपत्रं, पारदर्शकतेसाठी. आम्ही दोह्यात राहतो ते नोकरीवर. नोकरी संपली की कार्ड संपतं, कार्ड संपलं की विमान. २०१८च्या कायद्याने परदेशी माणसाला कायम वास्तव्य मिळू शकतं : वीस वर्षं राहिलेला हवा, पुरेसं उत्पन्न हवं, वागणूक चांगली हवी, अरबी यायला हवी. आणि इतकं सगळं असूनही वर्षाला साधारण शंभर जणांना. इथे भारतीयच सात-आठ लाख आहेत. आमचा नंबर कधी लागेल, हे आम्ही कॅल्क्युलेटरवर काढलं आणि कॅल्क्युलेटर ठेवून दिला. अरबीत आम्हाला 'खल्लास' आणि 'इन्शाल्ला' येतं. दोन्ही शब्द आपल्या महापालिकेतही चालतील.

आपल्याकडे येण्यासाठी रक्त तपासत नाहीत, ठसे घेत नाहीत, भाषेची परीक्षा नाही. मराठी, कानडी, तेलुगू, दखनी यांतलं काहीही चालतं, आणि नाहीच जमलं तर वाक्याच्या शेवटी 'बे' लावला की भागतं. अशा सहज मिळणाऱ्या वास्तव्याकडे आम्ही संशयाने पाहतो, हे आपण समजून घ्याल.

सबब, आमचा अंतिम निर्णय कळविण्यास काही कालावधी लागेल. दरम्यान पुढील माहिती उलटटपाली पाठवावी : चादरीचा खुलासा, जुन्या चिमण्यांची यादी, रे नगरमध्ये एखादं घर शिल्लक आहे का (सहज चौकशी), आणि आमच्या वॉर्डात पाणी नेमकं कोणत्या वारी येतं. आमच्यातल्या दोघांचे करार मार्चमध्ये संपतात. तिकीट काढायचंय, आणि बायको म्हणते की पोचल्या दिवशी निदान अंघोळीला पाणी हवं.

कळावे,

आपले (विचाराधीन),
दोह्यातले काही सोलापूरकर