क्लच खाली, इंजेक्टर वर

"बाई, शाळेला निघालात का? दोन मिनिटं थांबा. हा कागद वाचा जरा."

काकूंनी कुडावरून हात लांब केला. आमच्या सुरगाण्यात कूड घालतात तो गुरांनी नि कोंबड्यांनी वाफ्यात शिरू नये म्हणून. माणसांना तो कोपर टेकायला बरा पडतो. आमचा तर कोपरांनी एका बाजूला कललाय.

"काकांच्या गाडीचं बिल का?"

"बिल कसलं! वर काय लिहिलंय ते वाचा ना."

वर ठळक अक्षरात छापलं होतं, 'एस्टिमेट'. म्हणजे अंदाज. गाडी दुरुस्त होऊन दारात उभी, पैसे देऊन झालेले, आणि हातात काय, तर अंदाज! खरा अंदाज जेव्हा हवा होता तेव्हा गॅरेजवाला तोंडी बोलला होता, "साडेदहा-अकरापर्यंत जाईल, काका. टेन्शन नका घेऊ." टेन्शन नका घेऊ म्हणणाऱ्याचं बिल मी नेहमी दोनदा वाचते.

हकिगत अशी. काकांची पिकअप. थंडीत बोरगाव भागातली स्ट्रॉबेरी पहाटे भरायची नि नाशिकला उतरवायची, हा त्यांचा धंदा. गाडी स्वतःच चालवतात. महिनाभर चढाला गाडी ओढत नव्हती, इंजिन नुसतं ओरडायचं आणि जळका वास यायचा. आपल्या गावच्या मिस्त्रीनं वासावरूनच सांगितलं, "क्लच प्लेट गेली. गिअरबॉक्स उतरवावा लागंल. सामान नाशिकहून मागवतो, दोन-तीन दिवस लागतील." पण ऐन सीझनात दोन-तीन दिवस कुठून आणायचे? माल उतरवून काकांनी नाशिकलाच एका मोठ्या पाटीच्या गॅरेजात गाडी लावली.

"आणि झाले किती?"

"पंधरा हजार नऊशे! अकरा बोलला होता. वरचे चार हजार नऊशे कशाचे, ते वाचा म्हणते मी."

वाचलं. फ्लायव्हील फेसिंग दीड हजार. इंजेक्टर क्लिनिंग अठ्ठावीसशे. पार्किंग सहाशे.

"पार्किंग? गाडी गॅरेजातच होती ना?"

"तेच तर! गाडी तयार झाली तेव्हा हे पैशाच्या जुळवाजुळवीत होते, दोन दिवस उशिरा गेले. त्याचं भाडं लावलं मेल्यानं."

"मग काका भांडले नाहीत?"

काकूंनी ओट्याकडे पाहिलं. काका विडीची राख झटकत आभाळाकडे बघत होते. "हे? हे म्हणतात, मोठं गॅरेज आहे, एसी केबिन आहे. अहो, 2018 च्या मार्चात शेतकऱ्यांच्या मोर्चाबरोबर हेच नाशिकहून मुंबईपर्यंत पायी गेले होते, लाल टोपी घालून, पायाला फोड आले तरी. सरकारपुढं उभे राहिले, आणि एसी केबिनपुढं आवाज निघंना!"

"तेव्हा हजारो माणूस होतं बरोबर," काका तिकडूनच म्हणाले. "केबिनीत मी एकटा."

यात विनोद थोडा नि खरं जास्त होतं, म्हणून मी हसले नाही.

एवढ्यात पलीकडच्या अंगणातून पेपर खाली आला आणि त्यामागून आप्पांचं तोंड दिसलं. आप्पा तहसीलमधून रिटायर झाले, पण तहसील त्यांच्यातून अजून झालेली नाही. "पैसे कसे दिले? रोख?"

"मोबाइलवर."

"उत्तम! पुरावा राहिला. आता बघ, त्यानं पैसे मिळेपर्यंत गाडी अडवली, ते चूक नाही. 1872 चा करार कायदा, कलम 170. ज्यानं आपलं कसब लावून तुमच्या वस्तूवर काम केलं, तो मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेऊ शकतो."

"म्हणजे तुम्ही त्याच्याच बाजूचे!" काकू.

"ऐकून तर घे! त्याच कामाची मजुरी. मागच्या कुठल्या उधारीसाठी आजची गाडी अडवायची म्हटलं तर तसा अधिकार कलम 171 नं बँकवाल्यांना नि आणखी चार-दोघांना दिलाय, त्यात गॅरेजवाला नाही. आणि पार्किंग लागेल असं आधी सांगितलं होतं? भिंतीवर लिहिलं होतं?"

"नाही," काका.

"मग ते सहाशे त्यानं कशाच्या जोरावर घेतले?"

सहाशेचा निकाल असा पेपराची घडी न मोडता लागला. फ्लायव्हीलवर मात्र गाडी अडली. काकूंच्या मते तोही शुद्ध दरोडा. मलाही तसंच वाटत होतं, पण गावातला मिस्त्री नेमका त्याच वेळी कुणाच्या तरी ट्रॅक्टरकडे निघालेला, काकूंनी त्याला हाक मारून थांबवला. त्यानं पहिला प्रश्न विचारला तो आमच्यातल्या एकालाही सुचला नव्हता.

"जुना माल आणला का?"

आणला होता. काका एवढं मात्र विसरले नव्हते, जुनी प्लेट सीटमागे गोणपाटात होती. मिस्त्रीनं ती उन्हात फिरवली, बोटानं चाचपली. "बघा, रिबिटापर्यंत झिजलीय. इतकी झिजल्यावर रिबिटं फ्लायव्हीलला घासतात. वर घसरून घसरून तापलेलं, म्हंजे तोंडावर निळे डाग पडलेले असणार. त्याच्यावर नवी प्लेट बसवली तर गाडी उचलताना थरथरती आणि नवीपण लवकर जाती. लेथवर तोंड मारून घेतलं ते बरोबर केलं. मीपण घेतलं असतं."

"न विचारता?" काकू.

मिस्त्री जरा थांबला. "न विचारता नाही. फोन केला असता."

या सगळ्या भानगडीत मला हेच वाक्य महत्त्वाचं वाटतं. गिअरबॉक्स खाली आल्याशिवाय फ्लायव्हीलचं तोंड दिसत नाही, त्यामुळे आधी दिलेला आकडा वाढू शकतो, हे कबूल. पण जे दिसलं ते मालकाला दाखवायला आता काय लागतं? एक फोटो, एक मेसेज. "काका, हे असं निघालंय, दीड हजार वाढतील, करू का?" अमेरिकेत कॅलिफोर्नियात यासाठी 1971 चा कायदाच आहे: आधी लेखी अंदाज द्यायचा, काम वाढलं तर पुन्हा मान्यता घ्यायची, आणि गिऱ्हाइकानं मागितला तर काढलेला भाग परत द्यायचा. आपल्याकडे गॅरेजांपुरता असा कायदा नाही. आपल्याकडे काकांनी गोणपाट उचलून आणलं म्हणून बरं.

"आणि हे इंजेक्टर?" मी विचारलं.

मिस्त्री मोकळेपणानं हसला. "बाई, क्लच खाली, इंजेक्टर वर. क्लचसाठी माणूस गाडीखाली झोपतो, इंजेक्टरसाठी बॉनेट उघडावं लागतं. एक करता करता दुसरं होत नाही. काका, गाडी धूर मारत होती?"

"नव्हती."

"सकाळी उशिरा चालू व्हायची?"

"अजिबात नाही."

"मग साफ कशाला केलं? केलं का नाही, तेपण कुणी बघितलं?"

आप्पांना राहवेना. "त्याच कायद्यात कलम 70 आहे. एखाद्यानं फुकट करायचं नाही अशा इराद्यानं तुमचं काम केलं आणि त्याचा फायदा तुम्ही घेतलात, तर मोबदला द्यावा लागतो. फ्लायव्हीलला ते चालेल. इंजेक्टरला त्यानं आधी फायदा दाखवावा!" कलम सत्तर त्यांनी अशा थाटात टाकलं की काका ओट्यावरून उठून कुडापाशी आले.

"पण आप्पा, पक्कं बिल मागितलं होतं मी," काका हळूच म्हणाले. "तर म्हणाला, मग अठरा टक्के वर पडतील."

"घे! आता नोंदणी असेल तर टॅक्स भरायचाच आहे, तू बिल माग नाहीतर नको मागूस. तो काय तुझ्या हौसेवर आहे? 22 सप्टेंबर 2025 पासून सुट्या भागांचाही दर अठरावर आलाय, आधी बऱ्याच भागांवर अठ्ठावीस होता. आणि नोंदणी नसेल तर एक रुपयाही जीएसटी म्हणून घेता येत नाही. बिलावर पंधरा अक्षरी नंबर बघायचा. महाराष्ट्राचा 27 नं सुरू होतो, गुजरातचा 24 नं."

"आपल्या तालुक्यातली सीमेवरची गावं 2022 साली गुजरातेत जायचं म्हणत होती," मी म्हटलं. "गेली असती तर चोवीस."

"रस्ता नि पाणी द्या, मग कोणताही नंबर लावा," काकू म्हणाल्या. "पुढं सांगा."

पुढचं सांगण्यासारखं होतं, कारण ते बहुतेकांना ठाऊक नसतं. बिल न देणं हीच ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित प्रथा धरलीय. हा 2019 चा कायदा, 20 जुलै 2020 ला लागू झाला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी नाही, दोन वर्षांची मुदत आहे, आणि तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. काकांना भीती वेगळीच होती, की पिकअप धंद्याची, मग आपण ग्राहक कसले? पण धंदा म्हणजे निव्वळ पोटापुरता स्वयंरोजगार असेल तर तो माणूस ग्राहकच, असं कायद्यातच म्हटलंय. ड्रायव्हर ठेवून चार गाड्या फिरवणाऱ्याला हे सहज मिळणार नाही. स्वतः पहाटे तीनला उठून स्टिअरिंग धरणाऱ्याला मिळायला हरकत नाही.

"आणि पैसे देतानाच त्या कागदावर लिहायचं," आप्पा म्हणाले, "की अमुक दोन रकमांना माझी हरकत आहे, गाडी सोडवण्यासाठी भरतोय. खाली सही. नाहीतर तो उद्या म्हणेल, खुशीनं दिले."

"खुशीनं!" काकूंनी फोन हातात घेतला. "नंबर लावा हो त्याचा."

आमच्याकडे फोनला रेंज हवी तर कुडाच्या टोकाला, शेवग्याखाली उभं राहावं लागतं. सगळे तिकडे सरकलो. मिस्त्रीही सरकला, ट्रॅक्टरवाला गेला वाऱ्यावर. फोन स्पीकरवर.

"हॅलो, सुरगाण्याहून बोलते. पिकअपवाल्यांच्या घरून. नाही, क्लच चांगलं बसलंय, त्याबद्दल काही म्हणणं नाही." माझ्या मते ही सुरुवात फार हुशारीची होती. "फ्लायव्हीलचे दीड हजार पण दिले, ते पण राहू द्या. फक्त इंजेक्टर करायला कुणी सांगितलं होतं?"

पलीकडून आलं, "मॅडम, ते आमच्याकडे कंपल्सरी असतं."

"कुठं लिहिलंय?"

"सिस्टीममध्ये असतं."

"मग सिस्टीमचा कागद पाठवा. आणि पक्कं बिल पाठवा, नंबरवालं. नाहीतर ते 1915 ला फोन लावायचा म्हणू राहिले आमचे आप्पा. ग्राहकांचा आहे म्हणे तो, फुकट लागतो."

तिकडे शांतता. मग माणूस एकदम काका-काकूंवर आला. पार्किंगचे सहाशे चुकून लागले, परत करतो. इंजेक्टरचे अर्धे सोडतो. आप्पांनी बोटांवर हिशेब केला, सहाशे आणि चौदाशे, दोन हजार. उरलेले चौदाशे 'पुढच्या सर्व्हिसिंगला वळते करू.'

काका मान हलवायला लागले होते. मला त्यांचं कळत होतं. नाशिकच्या रस्त्यावर रात्री गाडी बंद पडली तर हाक मारायला एखादं गॅरेज हातचं लागतं. गावातल्या मिस्त्रीशी आपण कधीच शेवटपर्यंत भांडत नाही, पावसाळ्यात घाटात तोच येतो. मोठ्या पाटीवाल्याशी काकांचं तसं नातं नव्हतं, पण सवय होती.

दोन हजार तिथल्या तिथं आले, फोन वाजला. काकूंनी आकडा पाहिला, मला दाखवला, मिस्त्रीला दाखवला. मग पुन्हा तोंडाजवळ फोन धरून म्हणाल्या, "दादा, मिळाले. आता ते चौदाशे वळते करणार म्हणालात ना, तेवढं लिहून पाठवा. हो, व्हॉट्सअपवर चालंल. मराठीत लिहा."