पेनसिल्वेनियाचं काय?

कॅलिफोर्नियात राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होत नाही, निकाल तेवढा लागतो. १९८८ साली थोरल्या बुश यांनी हे राज्य जिंकलं. पुढच्या नऊही निवडणुकांत ते डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेलं. आणि १९८८ धरून आधीच्या सहा? त्या सगळ्या रिपब्लिकनांच्या. निष्ठा अढळ, पक्ष कुठलाही चालतो.

तरीही इथला मराठी माणूस, विशेषतः नागरिकत्वाची शपथ नुकतीच घेतलेला, निवडणूक जीव मुठीत धरून बघतो. पेनसिल्वेनियातल्या कुठल्या काउंटीत कोण घसरलं ते त्याला तोंडपाठ असतं. आपल्या काउंटीतून कोण उभं आहे, ते विचारून त्याला अडचणीत आणू नये.

उमेदवार आमच्याकडे फिरकत नाहीत, असं मात्र नाही. येतात, पण मतं मागायला नव्हे, चेक न्यायला. जून २०२४मध्ये लॉस एंजेलिसला बायडेन यांच्यासाठी एकाच कार्यक्रमातून अडीच कोटी डॉलरांहून जास्त रक्कम उभी राहिली. सव्वा महिन्यात साहेबांनी उमेदवारीच सोडली. असला पैसा खर्च होतो तो पेनसिल्वेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन असल्या काठावरच्या राज्यांत. ही राज्यं म्हणजे दिवाळसणाला आलेले जावई. रुसायचं त्यांनी, मनधरणी त्यांची, आणि खर्च आमच्या माथी.

आमच्या रिपब्लिकन शेजाऱ्यांची तर आणखी गंमत. २०२०मध्ये ट्रम्प यांना सर्वांत जास्त मतं कोणत्या राज्याने दिली? टेक्सास म्हणालात तर फसलात. कॅलिफोर्नियाने दिली, साठ लाखांवर. बदल्यात राष्ट्राध्यक्ष निवडणारे इलेक्टर किती मिळाले? शून्य. ज्याची मतं जास्त, त्याला सगळेच्या सगळे ५५. बायडेन यांना मतं पडली एक कोटी दहा लाखांवर. त्यांतले पन्नास लाख मतदार त्या दिवशी घरी झोपून राहिले असते, तरी ५५ त्यांचेच होते. मतं वाया घालवण्यात हे राज्य पक्षभेद पाळत नाही.

मग मतपत्रिका भरायचीच कशाला? जरा खाली सरका. तिथे मतदारांनी थेट ठरवायचे प्रस्ताव असतात. २०२४मध्ये राज्यभरासाठी दहा होते. तिथे एकेक मत खरोखर मोजलं जातं. अंडी देणाऱ्या कोंबडीला किती जागा मिळावी, हे आम्ही दोनदा ठरवलं, २००८ला आणि २०१८ला. डायलिसिस केंद्रांविषयी २०१८, २०२० आणि २०२२ असं तीनदा विचारण्यात आलं. तिन्ही वेळा आम्ही बाणेदारपणे नकार दिला. अण्वस्त्रांचा ताबा कुणाकडे द्यायचा, ते विस्कॉन्सिन बघून घेईल.

मतदान रात्री आठला संपतं आणि आठाच्या ठोक्याला राज्याचा निकाल जाहीर होतो. मोजणी त्यानंतर कित्येक आठवडे चालते, कारण मुदतीत शिक्का पडलेली टपाली मतं पुढचे सात दिवस येतच राहतात. (१९८०मध्ये तर आमची केंद्रं बंद व्हायच्या तासभर आधीच कार्टर यांनी हार मान्य केली होती. रांगेतल्यांनी पुढे काय केलं असेल? रांगच पुरी केली असेल. शिस्तीचं राज्य आहे.)

आमच्या रात्रीच्या आठला पुण्यात बुधवारचे सकाळचे साडेनऊ झालेले असतात. भाचा उत्साहाने फोन करतो, "मामा, कॅलिफोर्निया आला!"

"आला का? बरं झालं," मामा चहाचा घोट घेत म्हणतात. "पेनसिल्वेनियाचं काय?"