मेहरूणची बोरं

एक जानेवारीला घेतलेले बूट इतके पांढरेशुभ्र होते की ते घालून जळगावच्या धुळीत उतरायचं म्हणजे पापच. म्हणून पहिला आठवडा मी ते घालून घरातच फिरलो. बायकोने एवढंच विचारलं, "देवघरातही हेच का?"

मनगटावर पावलं मोजणारं घड्याळही होतं. रोज दहा हजार! हा आकडा कुणा डॉक्टरने नव्हे, तर १९६५ साली एका जपानी कंपनीने आपलं पावलं मोजायचं यंत्र खपवण्यासाठी लोकप्रिय केला, हे मला पैसे भरल्यावर कळलं. लंडनच्या संशोधकांचं म्हणणं, सवय लागायला सरासरी ६६ दिवस लागतात आणि मधला एखादा दिवस चुकला तरी बिघडत नाही. यातला उत्तरार्ध मी पहिल्याच दिवशी अंगवळणी पाडला.

तरी एकदा दहा हजार झालेच. मळ्यात भरिताची पार्टी होती. आता विषय निघालाच आहे (मीच काढला), तर सांगतो. गॅसवर भाजलेल्या वांग्याला आम्ही भरीत म्हणत नाही, आजाऱ्याचं जेवण म्हणतो. वांगी बामणोदची, फिकट हिरवी. ती पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजायची, सोलायची, हिरवी मिरची-लसणासोबत लाकडी बडगीत मुसळाने ठेचायची. मग कांद्याची पात, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप आणि बाजूला कळण्याच्या पुऱ्या. मिक्सरचं नाव काढणाऱ्याला पंगतीत बसवत नाहीत. ठेचायचं काम मी हौसेने घेतलं. घड्याळाने मुसळाचा एकेक घाव पाऊल म्हणून मोजला आणि थरथरून माझं अभिनंदन केलं. मी सहा पुऱ्या जास्त खाल्ल्या. हाताने गेलो, पोटाने परत आलो.

धुळ्याहून नानांचा फोन रोज साडेसहाला.

"उठला का रे? समर्थ रोज बाराशे नमस्कार घालायचे म्हणतात."

"मेहरूणच्या तलावावरच आहे, नाना," मी पांघरुणात धापा टाकत सांगायचो. "तुम्ही?"

"पांझरेच्या काठी. झकास वारं आहे."

एप्रिलमध्ये त्यांनी विचारलं, "मेहरूणची बोरं लागली का?"

"लगडलीत नुसती!"

पलीकडे शांतता. "एप्रिलमध्ये?" मास्तरकीची चाळीस वर्षं त्या एका शब्दात होती. मी सापडलो. तेवढ्यात पांझरेच्या काठी कुकरची शिट्टी झाली आणि आई म्हणाली, "अहो, चहा गार होतोय, उठा आता."

आधी खूप हसलो. मग आईने फोन घेतला आणि हळूच सांगितलं, गुडघ्यामुळे ते संक्रांतीपासून ओट्याखाली उतरलेले नाहीत. तिकडे नव्वद किलोमीटरवर माझे वडील चालायचे थांबले होते आणि मी इकडे मुसळाचे घाव मोजत होतो.

दुसऱ्या दिवसापासून खरंच तलावावर जातो. पाणी किती खाली गेलं, बगळे किती बसलेत, सगळं त्यांना खरं खरं सांगतो. ते भिंत धरून किती खेपा झाल्या ते सांगतात. बूट मळले.

परवा मात्र अंगच उचलेना. फोन घेतला आणि म्हणालो, "नाना, आज नाही गेलो."

"मी पण नाही," ते म्हणाले. "चहा झाला का तुझा?"