शिक्केवाले काका

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आमच्याकडं शेंबडं पोरही म्हणतं. पण दोन्हीकडचे शिक्के संग्रही असलेला माणूस वसमत रोडला एकच. काका महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. जिंतूर, पालम, सोनपेठ, जिथं बदली झाली तिथं श्रद्धा एकच: शिक्का असेल तरच ते घडलं. घरी आलेल्या लग्नपत्रिकेवरही ते कोपऱ्यात तारीख टाकून सही करतात, मग काकूंना वाचायला देतात.

मुलगा स्टुटगार्टला. काका 2019 साली एकदा जाऊन आले. तिथलं काय आवडलं, असं कुणी विचारलं की पासपोर्ट उघडतात. ‘हे बगा. चौकटीत डावीकडं वर चांदण्यांच्या गोलात देशाचं अक्षर, मधोमध तारीख, कोपऱ्यात विमान. येतानाच्या शिक्क्याचे कोपरे टोकदार, जातानाच्या शिक्क्याचे गोलसर. न वाचता कळतं! आपल्याकडं सुचलं का कुणाला?’ ऱ्हाईन नदी पाहिली का, हे मात्र काकूंना विचारावं लागतं.

आता सुनेचं बाळंतपण आहे. आणि नेमका युरोपनं नियम बदलला. अल्प मुदतीसाठी 29 देशांत जाणाऱ्या परक्या माणसाची येण्या-जाण्याची नोंद आता संगणकात होते. 12 ऑक्टोबर 2025 ला हे टप्प्याटप्प्यानं सुरू झालं, आणि सगळ्या नाक्यांवर पुरतं लागू करण्याची तारीख ठरली 10 एप्रिल 2026.

काका आधी हरखलेच. ‘माणूस आला, नोंद. गेला, नोंद. हे तर आपलं आवक-जावक रजिस्टर!’ मुदतीचा हिशेबही त्यांना मनापासून पटला. कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवस. उतरल्याचा दिवस धरायचा, निघाल्याचाही धरायचा. पूर्वी तिथला अधिकारी पानं चाळून बोटं मोजायचा, आता यंत्रच मोजतं. काकांनी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून पेन्सिलीनं खुणा केल्या.

‘म्हंजे लेकरानं मान धरली की लगेच माघारी फिरायचं व्हय?’ काकूंनी विचारलं.

‘नियमात मान धरण्याची तरतूद नाही.’

काकूंची काळजी वेगळीच होती. आयुष्यभर राखेनं भांडी घासलेली, त्यामुळं बँकेतल्या मशीनवर त्यांचा अंगठा कधी एका दमात उमटत नाही. काका त्यांना रोज रात्री बोटांना खोबरेल चोळायला लावू लागले. मुलानं फोनवर समजावलं की आपल्याला व्हिसा लागतो, बोटांचे ठसे पुण्यातच अर्जासोबत घेतात. सीमेवर नव्यानं नोंदवतात तो चेहऱ्याचा फोटो. ‘मग पदर डोक्यावरून घ्यायचा का खांद्यावरून?’ यावर घरात अजून एकमत नाही.

ही नोंद तीन वर्षं ठेवतात, आणि जो मुदतीत बाहेर पडल्याचं दिसत नाही त्याची पाच वर्षं, हे कळल्यावर मात्र काकांचा चेहरा उतरला. ‘आणि मग पुसून टाकायची? आपल्याकडं ‘अ’ वर्गाचे कागद कायम ठेवतात. मी काय ‘अ’ वर्गात येत नाही?’

खरा घाव पुढं होता. नोंद संगणकात, म्हणून पासपोर्टवरचा शिक्का बंद. काका त्या दिवशी दुपारचं जेवले नाहीत. ‘तीन महिने राहून यायचं आणि पान कोरं? उद्या कुणी म्हणालं, तुम्ही मानवतच्या पुढं गेलाच नाहीत, तर काय दाखवू?’ फोटो काढा म्हटलं, तर म्हणाले, फोटोवर कुठं जावक क्रमांक असतो? (पेन्शनीच्या कामात चार टेबलं फिरलेल्या माणसाला हसणं मलाही जड गेलं.)

पण अव्वल कारकून हरत नसतो. परवा गेलो तर समोर दोन प्रतींत अर्ज तयार होता, मराठीत टाइप केलेला, शेजारच्या पोराकडून जर्मन करून घेऊन मागं जोडलेला. ‘विषय: प्रवेशाची नोंद शिक्क्याविना होत असल्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की...’

‘काका, हा अर्ज कुणी घेणार नाही हो.’

‘नका घेऊ. मंजूर करा असं कुठं लिहिलंय मी?’ काकांनी दुसरी प्रत माझ्यापुढं सरकवली. ‘फक्त या ओसीवर अर्ज मिळाल्याचा शिक्का मारून द्या म्हणाव.’