अडीच फूट

भंडारा जिल्ह्यात माडगीला वैनगंगेच्या पात्रात नृसिंहाचं देऊळ आहे. कार्तिकात तिथे यात्रा भरते, तुमसर-मोहाडीकडची माणसं नदीत डुबकी मारतात, दर्शन घेतात, फुटाण्याची पुडी घेऊन घरी जातात. अलीकडे शेजारी दुसरं एक जागृत देवस्थान उदयाला आलंय. त्याचं नाव रेल्वेचा पूल. नृसिंहापुढे माणूस तोंड देवाकडे करून उभा राहतो. पुलाच्या देवाची पूजा उलटी. त्याच्याकडे पाठ करायची, हात लांब करायचा आणि ओठांचा चंबू करायचा. देव पावला तर लाइक, कोपला तर पंचनामा.

परवाच्या रविवारी या दुसऱ्या देवाचे तीन भक्त भरावावर चढलेले दिसले. वय सतरा-अठरा. एकाच्या डोळ्यांवर गॉगल, आणि काचेच्या कोपऱ्यावर दुकानातली किमतीची चिठ्ठी तशीच. दुसऱ्याच्या काखेत पाण्याच्या बाटलीएवढा स्पीकर. तिसरा दिग्दर्शक, म्हणजे फोन त्याचा.

"करू का आता?" गॉगलनं विचारलं.

"थांब बे, गाडी येऊ दे. गाडीबिगर कोन पाह्यते तुले?"

एवढं परखड समीक्षण मराठीत हल्ली वाचायला मिळत नाही. थोड्या वेळानं तिरोड्याच्या अंगाला एक ठिपका दिसला.

"आली."

"लय दूर आहे अजून."

हे 'लय दूर' म्हणजे किती? नागपूर-दुर्ग मार्गावर ताशी 130 किलोमीटर वेगाला परवानगी आहे. 11 डिसेंबर 2022 ला नागपूर-बिलासपूर वंदे भारत सुरू झाली तेव्हा जिल्हाभर चर्चा होती ती गाडी आपल्याकडे थांबेल की नाही याची. न थांबणारी गाडी किती वेगात जाते, याची चर्चा करायची राहून गेली. 130 म्हणजे सेकंदाला 36 मीटर. क्रिकेटची पिच वीस मीटरची, म्हणजे डोळ्याची पापणी लवून उघडेपर्यंत पिच संपली. 'रेडी, वन, टू, थ्री' म्हणून होईपर्यंत शंभर मीटर गेले. पंधरा सेकंदांच्या रीलमध्ये गाडी अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे येते. कोळशाच्या इंजिनाचा धूर आधी गावाला वर्दी द्यायचा. विजेचं इंजिन समोरून येताना फारसा गाजावाजा करत नाही, आणि जो करतं तो काखेतला स्पीकर खाऊन टाकतो.

त्यात सरळ अंगावर येणारी वस्तू सरकताना दिसतच नाही. ती फक्त मोठी होताना दिसते, आणि मोठी होते तीही शेवटच्या काही सेकंदांत एकदम. बैलगाडी बाजूनं जाताना जसा वेग कळतो तसा इथे कळत नाही. फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याचं भिंग पसरट असतं. त्यात चेहरा मोठा आणि मागचं सगळं लहान, लांब. आजच्या पिढीला स्वतःचं डोकं रेल्वेपेक्षा मोठं दिसतं असं आम्ही म्हणतो, पण त्यात निम्मा दोष भिंगाचा आहे.

आता थोडा भूमितीचा तास. आपल्याकडच्या मोठ्या रेल्वेच्या दोन रुळांमधलं अंतर 1676 मिलिमीटर, म्हणजे साडेपाच फूट. डब्याची रुंदी सव्वातीन मीटरच्या आसपास, साडेदहा फूट. मग उरलेले पाच फूट जातात कुठे? दोन्ही बाजूंना अडीच-अडीच फूट रुळाबाहेर लटकत असतात. त्यात डब्याची पायरी येते, दांडी येते, आणि दारात बसलेल्याचे पायही येतात. रुळापासून हातभर सरकून उभा राहिलेला माणूस स्वतःला गाडीबाहेर समजतो. गाडी त्याला आपल्यातलाच समजते. 'रुळावर कुठे उभा होता, बाजूला तर होता,' असं मागाहून घरचे म्हणतात ते खोटं नसतं. तो बाजूलाच होता, पण बाजू अडीच फुटांनंतर सुरू होते.

वर पाहिलं तर आणखी एक देव आहे. कुठल्याही मोठ्या स्टेशनाच्या बाजूच्या लाइनीवर मालगाडी उभी दिसली की तिच्या डब्यावर चढून फोटो काढायची हौस सगळीकडे सारखीच. वरच्या तारेत 25,000 व्होल्ट असतात, घरातल्या बटणामागे असतात त्याच्या शंभरपट. या तारेला हात लागावा लागत नाही. जवळ गेलं की ती स्वतःच उडी घेते. एवढी आपुलकी दाखवणारी दुसरी सरकारी वस्तू माझ्या पाहण्यात नाही.

हे सगळं गावाकडच्या अडाणी पोट्ट्यांचं काम, असा समज असेल तर अमेरिकेत जाऊन येऊ. 20 फेब्रुवारी 2014. जॉर्जिया राज्यात अल्टामाहा नदीवरचा रेल्वेपूल. 'मिडनाइट रायडर' नावाच्या सिनेमाची मंडळी तिथे शूटिंगला गेली. पगारी, अनुभवी, नावाजलेली मंडळी. सीएसएक्स या रेल्वे कंपनीनं रुळांवर यायला परवानगी नाकारली होती. तरी पुलावर, रुळांवर, दवाखान्यातली लोखंडी खाट मांडली. गाडी आलीच तर मिनिटभर मिळेल, असं युनिटमध्ये सांगितलं गेलं होतं. गाडी आली. मिनिट काही आलं नाही. पुलावरून पळणार कुठे, आणि खाट मध्येच. कॅमेरा विभागातली सत्तावीस वर्षांची सहायक मेली, बाकी अनेक जखमी झाले. दिग्दर्शक रँडल मिलर यांनी 2015 मध्ये गुन्हा कबूल केला, दहा वर्षांची शिक्षा झाली, त्यातली दोन वर्षं तुरुंगातली. सिनेमा पुरा झाला नाही. त्यांचं 'मिनिटभर' आणि माडगीचं 'लय दूर' यांत भाषेपलीकडे मला फरक दिसत नाही.

आपल्याकडे शिक्षा किती? 1989 च्या रेल्वे कायद्यात कलम 147 आहे. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरलात तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 1989 मध्ये हजार रुपये म्हणजे शिक्षा होती, अनेकांचा महिन्याचा पगार होता. आज फोनची काच आणि मागचं कव्हर बदललं की हजार गेले. गॉगलवरच्या चिठ्ठीवरचा आकडा मी वाचला नाही, पण तोही कायद्याच्या फार मागे नसावा. नोव्हेंबर 2024 मध्ये रेल्वे बोर्डानं सगळ्या विभागांना सांगितलं की गाड्यांच्या सुरक्षेला धोका आणणाऱ्या रीलवाल्यांवर गुन्हे दाखल करा. त्याच वर्षी उत्तर प्रदेशात एका यूट्यूबरला पकडलं होतं. तो रुळांवर सायकल, साबण, गॅसचा सिलिंडर ठेवून 'बघू काय होतं' असे व्हिडिओ करायचा. विज्ञान प्रदर्शनात त्याला वेळीच उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं असतं तर देश वाचला असता.

मुंबईचा किस्सा मात्र टवाळीला दाद देत नाही. 2024 मध्येच, शिवडी स्टेशनात धावत्या लोकलला लटकून फलाटावर पाय घासत जाणाऱ्या एका पोराचा व्हिडिओ गाजला. रेल्वे पोलीस शोधत त्याच्या घरी पोचले. पोरगा घरीच होता. एक हात आणि एक पाय नव्हता. दरम्यान मशीद स्टेशनात तोच प्रकार करताना ते गेले होते. पहिला व्हिडिओ तोवर फिरतच होता, त्यात दोन्ही हात, दोन्ही पाय शाबूत.

या सगळ्या व्हिडिओंत एका माणसाचा चेहरा कधीच दिसत नाही. इंजिनातला लोको पायलट. त्याच्या हाताशी दोनच गोष्टी, हॉर्न आणि ब्रेक. गाडी बाजूला घ्यायला सुकाणू नसतं, हे आपण विसरतो. भरलेली मालगाडी पाच हजार टनांच्या घरात जाते. तिला थांबायला किलोमीटरभर रूळ लागतात. म्हणजे पोरगा दिसला, ब्रेक मारला, आणि त्यानंतर उरलेला सगळा वेळ त्या माणसानं काचेतून पाहत बसायचं. ती रील त्याच्या डोक्यात राहते, ती डिलीट करता येत नाही. आणि ब्रेक लागून गाडी थांबली तरी फोटोवाले ऐकतातच असं नाही. जुलै 2024 मध्ये राजस्थानात गोरमघाटच्या पुलावर एक जोडपं फोटो काढत होतं. चालकानं गाडी रोखली. जोडप्यानं तोवर दरीत उडी मारली होती, सुमारे नव्वद फूट. दोघं जगले, हाडं मोडून.

पण रुळांवरचा प्रत्येक माणूस फोटोसाठीच आलेला असतो असं मानणं म्हणजे आपणही पसरट भिंगातून पाहणं झालं. 8 मे 2020 ला करमाडजवळ काही मजूर रुळांवर झोपले होते. जालन्याच्या कारखान्यातले, मध्य प्रदेशातल्या आपल्या गावी पायी निघालेले. टाळेबंदीत गाड्या बंद आहेत असं त्यांना वाटलं. पहाटे मालगाडी आली, सोळा जण गेले. त्यांच्या हातात फोनची काठी नव्हती, भाकरी होत्या. आमच्याकडेही रूळ ओलांडणारी माणसं म्हणजे पलीकडे धानाची बांधी असलेला शेतकरी, मोहफुलं वेचायला निघालेली बाई, शाळेतलं पोर. ही लाइन इथे 1880 च्या दशकापासून आहे. गावाच्या मधून गेली आणि गाव दोन्हीकडे राहिलं. जानेवारी 2019 पर्यंत मोठ्या मार्गावरची बिनमाणसाची फाटकं रेल्वेनं देशभर संपवली, हे खरंच मोठं काम. पण फाटकाच्या जागी खालून काढलेला रस्ता पावसाळ्यात विहिरीसारखा भरला की माणूस वरूनच जाणार. बापाला रोज रूळ ओलांडताना पाहिलेल्या पोराला 'रेल्वेची हद्द' म्हणजे काय ते कुठल्या पाटीवरून कळावं? त्याला ते अंगण वाटतं. अंगणात नाचलं तर बिघडलं कुठे?

आणि अंगण आता वाढतंय. राजनांदगाव ते कळमना 228 किलोमीटरची तिसरी लाइन टाकायला घेतली. दोन लाइनींच्या सवयीनं डावीकडे पाहून, मग उजवीकडे पाहून ओलांडणाऱ्या म्हाताऱ्याला ही तिसरी कोणत्या बाजूनं येणार हे अजून पाठ व्हायचंय. एका गाडीकडे लक्ष असलं की दुसरी येणारच नाही, हा समज किती महाग पडतो ते 22 जानेवारी 2025 ला पाचोऱ्याजवळ दिसलं. आग लागल्याच्या अफवेनं पुष्पक एक्सप्रेसमधली माणसं खाली उतरून शेजारच्या रुळांवर आली आणि त्या रुळांवरून कर्नाटक एक्सप्रेस आली. डझनभर माणसं गेली. त्यांना आपल्या गाडीची भीती होती, दुसऱ्या गाडीचा विचारच नव्हता.

असो. माडगीचे तिघे. ठिपक्याचा आता चौकोन झाला होता. सदराला फोटो लागतो म्हणून मीही भरावावर चढून फोन काढला. पोट्टे बेजबाबदार, तर त्याचा पुरावा नको का? फ्रेममध्ये तिघे येत होते, गाडी येत होती, मागे नदी. जरा पुढे सरकलो तर देऊळही येत होतं.

तेवढ्यात पुलाकडून एक शिट्टी आली. रेल्वेचा चावीवाला. रोज हातोडा नि पाना घेऊन रूळभर चालतो, सैल झालेली चावी ठोकतो. त्यानं पोट्ट्यांना अशा दोन शिव्या हासडल्या की गॉगल, स्पीकर आणि दिग्दर्शक तिघेही भरावाच्या पलीकडे घसरत गेले. स्पीकर गिट्टीवरून गडगडत गेला तरी त्यातलं गाणं चालूच होतं. मग तो माझ्याकडे वळला. शिवी दिली नाही, वयाचा मान ठेवला.

"काका," तो म्हणाला, "पाय पाहा तुमचा."

पाहिला. बूट गिट्टीवर होता, रुळापासून हातभर. मी मागे सरलो, आणखी मागे सरलो, रुईच्या झुडपात गेलो. मग गाडी गेली. डब्यांच्या पायऱ्या कुठून गेल्या, ते मी एकेक करून पाहिलं.