शून्यराव

शेजारून वाटीभर साखर उसनी आणली तर परत करताना वाटीला शीग लावणाऱ्या आईचा मुलगा लंडनला जातो आणि दहा हजार पौंडांचं कर्ज अंगावर घेऊन निवांत घोरतो, याला कोणी अधोगती म्हणेल. माझं मत उलट आहे. हा आईपेक्षाही चिकट निघाला. आईने कर्ज टाळून पैसे वाचवले, याने कर्ज काढून वाचवायचं मनावर घेतलं आहे. त्याला आपण शून्यराव म्हणू. हाउन्स्लो असो की हॅरो, जिथे मराठी मंडळींचा गणपती बसतो तिथे आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत तो हमखास सापडतो. पुढच्याला तो ख्यालीखुशाली विचारत नाही. "तुमचं झिरो परसेंट कधी संपतंय?" एवढंच विचारतो, आणि समोरचा "बघायला पाहिजे" म्हणाला की रक्ताचा रिपोर्ट हातात घेतलेल्या डॉक्टरसारखा चेहरा करतो.

त्याचा धंदा समजायला अवघड नाही. ब्रिटनमधल्या बँका नवं गिऱ्हाईक ओढण्यासाठी 'बॅलन्स ट्रान्सफर' देतात. दुसऱ्या बँकेच्या कार्डावरची थकबाकी आमच्याकडे हलवा, वीसेक महिने व्याज शून्य, हलवण्याचे साधारण तीन टक्के तेवढे एकदाच द्या. योजना कर्जात अडकलेल्यांसाठी आहे. शून्यराव अडकलेला नाही, म्हणून तो मुद्दाम अडकतो. किराणा, पेट्रोल, पोरीचा पोहण्याचा क्लास, सगळं तो बिनव्याजी कार्डावर टाकतो आणि पगार बचत खात्यात नेऊन ठेवतो. पहिल्या कार्डाची मुदत भरत आली की थकबाकी दुसऱ्या बँकेत, मग तिसऱ्या. वरच्या टप्प्यातला कर भरणाऱ्याला वर्षाला 500 पौंडांपर्यंतचंच व्याज करमुक्त, म्हणून थोडी रक्कम वहिनींच्या नावावर. "अहो, आपल्यावर कर्ज आहे की आपल्याकडे पैसे आहेत?" असं वहिनी अधूनमधून विचारतात. "दोन्ही," असं उत्तर मिळतं, आणि ते तंतोतंत खरं असतं.

त्याच्या टेबलाचा खण एकदा बघण्यासारखा आहे. थकबाकी हलवलेल्या प्रत्येक कार्डाला पिवळी चिठ्ठी चिकटवलेली, तीवर मुदतीची तारीख आणि खाली ठळक अक्षरांत 'खरेदी करू नये'. हा वेडेपणा नव्हे, जुन्या जखमेची खूण आहे. 2011च्या आधी कार्डावर भरलेला पैसा बँका सर्वांत स्वस्त कर्जाकडे आधी वळवत. शून्य टक्क्याने आणलेल्या हजारो पौंडांच्या कार्डावर कोणी चुकून एक कॉफी घेतली, तर ती सगळी रक्कम फिटेपर्यंत त्या कॉफीवर पूर्ण दराने व्याज चढत राही. नियम बदलला, आता महाग कर्ज आधी फिटतं. चिठ्ठ्या मात्र गेल्या नाहीत.

आता हिशेब. दहा हजार पौंड वीस महिन्यांसाठी हलवले तर शुल्क 300. दरमहा सुमारे दोन टक्के किमान हप्ता भरावाच लागतो, तो जमेतून जातो, त्यामुळे खात्यात सरासरी आठ हजारांच्या आसपासच राहतात. चार टक्क्यांनी वीस महिन्यांचं व्याज साडेपाचशेच्या आतबाहेर. शुल्क वजा जाता अडीचशे पौंड, म्हणजे महिन्याला साडेबारा. लंडनमध्ये एवढ्यात तीन कॉफ्या येतात. यावर शून्यराव 'थेंबे थेंबे तळे साचे' म्हणेल, आणि तळं साचण्याचा काळ होऊनही गेला आहे. या शतकाच्या सुरुवातीला पुष्कळ कार्डांवर हलवण्याचं शुल्कच नव्हतं, आणि बँक ऑफ इंग्लंडचा दर 2007मध्ये पावणेसहा टक्क्यांपर्यंत चढला होता. त्या वेळचे शून्यराव खरोखर कमावत. मग मार्च 2009मध्ये दर अर्ध्या टक्क्यावर आला आणि मे 2022पर्यंत एक टक्क्याच्या खालीच राहिला. ती तेरा वर्षं या जमातीने बहुधा जुन्या स्प्रेडशीट उघडून बघण्यात काढली. 2023मध्ये दर सव्वापाचवर गेला तेव्हा त्यांच्यात पुन्हा जीव आला. पण शुल्क आता आहे, आणि थेंबाचा मोठा वाटा तेच पिऊन टाकतं. राहिलेले साडेबारा पौंड माझ्या मते व्याज नाहीतच, तारखा सांभाळण्याचा तो पगार आहे.

मग बँका हे चालू का देतात? त्यांना शून्यराव दिसत नाही असं मुळीच नाही. त्यांनी त्याची किंमत आधीच धरलेली असते. मुदत संपली की दर चोवीस-पंचवीस टक्क्यांवर जातो. एक हप्ता चुकला तर 12 पौंड दंड, शिवाय शून्य टक्क्याची सवलतही जाऊ शकते. बरेच जण कधीतरी विसरतात आणि शून्यरावाचे अडीचशे पौंड त्यांच्याकडून वसूल होतात. म्हणून तो बँकेला फसवतो असं म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. तो नियमानेच खेळतो. पण आपण बँकेला गंडवलं या त्याच्या फुशारकीतही दम नाही. त्याला पैसे देतो तो शेजारच्या गल्लीतला विसरभोळा माणूस.

आणि चतुराईची खरी परीक्षा घर घेताना होते. ब्रिटनमध्ये पतनोंदीत कर्जं दिसतात, बचत दिसत नाही. बचत खात्यात दहा हजार ठेवून असलेला आपला नायक त्या कागदावर दहा हजारांत बुडालेला दिसतो. मग गृहकर्जाच्या अर्जाआधी काही महिने सगळी कार्डं फेडणं आलं, म्हणजे सगळा खेळ मोडणं आलं. त्याच्या पुण्यातल्या चुलतभावाला एवढं मैदानही मिळत नाही. तिथे मुदत पंचेचाळीस-पन्नास दिवसांची, आणि शून्य टक्क्याच्या हप्त्यांमध्ये व्याज शुल्काच्या नावाखाली लपवतात म्हणून रिझर्व्ह बँकेने 2013मध्येच बँकांचे कान उपटले.

तरीही शून्य टक्का खोटा नाही, तो चुकीच्या माणसाच्या खणात पडला आहे. तीन हजार पौंड चोवीस टक्क्यांनी थकलेल्या बाईला वर्षाला सातशेच्या आसपास व्याज बसतं. हलवले तर शुल्क नव्वद, आणि पुढचा प्रत्येक पौंड मुद्दलात जातो. तिचा फायदा शून्यरावाच्या कित्येक पट आहे. अडचण अशी, की पत उत्तम असलेल्याला बँक आधी उभं करते. जाहिरातीतला दर मंजूर झालेल्यांपैकी 51 टक्के लोकांना दिला तरी कायद्याचं समाधान होतं. बाकीच्यांना दर चढा मिळू शकतो, मुदतही कमी. शून्यरावाला नकार कधी येत नाही, कारण त्याला गरज नाही.

तेव्हा त्याचा सल्ला ऐकायचाच असेल तर निम्मा ऐकावा. कार्डावर व्याज चालू असेल आणि खात्यात पैसे पडून असतील, तर आधी त्यातून कार्ड फेडा. जे उरेल ते शून्यावर हलवा, हप्ता बँकेतून आपोआप जाईल अशी सोय करा आणि त्या कार्डाला त्याची पिवळी चिठ्ठी लावा. बाकीचं, म्हणजे साडेबारा पौंडांचं, त्यालाच करू द्या.